रोटरी-लायन्सवाले नेमकं करतात काय? पदग्रहणाच्या फोटोमागची गोष्ट

जुलै उजाडला की जिल्हा पुरवणीत एक बातमी हमखास दिसते. ‘क्लबचा पदग्रहण सोहळा उत्साहात संपन्न.’ खाली फोटो. बारा-चौदा माणसं, निम्म्यांच्या गळ्यात पट्टे, मधोमध नवे अध्यक्ष, हातात पुष्पगुच्छ, मागे फ्लेक्स. बातमीत पंचवीसेक नावं आणि शेवटी सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. ज्यांचं नाव छापून आलंय ते कात्रण जपून ठेवतात, बाकीचे पान उलटतात.

आता हीच बातमी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर येते. फोटो तोच, सोबत रील. आणि खाली एखादी कमेंट असतेच, “हे लोक हार घालण्याशिवाय करतात काय?”

प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही. रोटरी, लायन्स, जायंट्स यांची नावं आपण बागेतल्या बाकांवर, बसथांब्यावर, रक्तदान शिबिराच्या बॅनरवर, स्मशानभूमीतल्या शेडवर वर्षानुवर्षं वाचतो. पण ही मंडळी दर आठवड्याला भेटतात कशासाठी, हे बाहेरच्या माणसाला क्वचितच ठाऊक असतं.

हा प्रश्न आत्ता विचारायला एक कारण आहे. ३० जून २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने एकाकीपणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा भेडसावतो. एकाकीपणाशी जोडलेल्या मृत्यूंचा अंदाज आहे वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त, म्हणजे तासाला सुमारे १००. योगायोग असा की ३० जून हा रोटरी आणि लायन्सच्या वर्षाचाही शेवटचा दिवस. आणि या क्लबांची सुरुवातच मुळी एका एकट्या पडलेल्या माणसापासून झाली आहे.

शिकागोतला वकील आणि त्याचे तीन सोबती

पॉल हॅरिस हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढलेला मुलगा. १८९६ मध्ये त्याने शिकागोत वकिली सुरू केली. शहर मोठं, धंदा बरा, पण गावात जसं रस्त्यात कुणीही थांबवून चौकशी करतं तसं इथे काही नव्हतं. गावाकडून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या कुणालाही ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी हॅरिस आणि आणखी तिघे जण युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत भेटले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरू लागल्या, जशी आपल्याकडे भिशी एकेकाच्या घरी फिरते. त्या फिरण्यावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडलं.

त्यांनी एक नियम केला. एका व्यवसायाचा एकच माणूस. एक वकील, एक शिंपी, एक डॉक्टर. दोन कापड दुकानदार एका टेबलावर बसले की एकमेकांचा भाव काढतात, पण कापडवाला आणि डॉक्टर बसले की गप्पा मारतात.

मात्र यात फक्त मैत्री होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या क्लबात सभासदांनी एकमेकांना किती धंदा दिला याची नोंद ठेवायला चक्क एक पदाधिकारी असायचा. शिंप्याने कोळसा आपल्याच सभासदाकडून घ्यायचा, कोळसेवाल्याने सूट आपल्याच शिंप्याकडून शिवायचा, असा हिशेब.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद व्हायचं निमंत्रण मिळालं. त्याने विचारलं, तुम्ही तुमच्याबाहेरच्या कुणासाठी काय करता? उत्तर नव्हतं. कार्टरने आधी नकार दिला, मग क्लब बदलायच्या अटीवर आत आला. त्यातून क्लबने हाती घेतलेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम कोणतं होतं? शौचालय. १९०७ मध्ये शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून क्लबने मोहीम उघडली. विरोध केला तो बिअर उत्पादकांनी आणि मोठ्या दुकानदारांनी. कारण सोपं होतं. शौचालय हवं असेल तर माणसाला दारूच्या गुत्त्यात किंवा दुकानात शिरावं लागायचं, आणि शिरला की तो काहीतरी विकत घ्यायचा. पुढे शौचालय झालं.

मैत्री, धंदा आणि सेवा यांची सरमिसळ ही अशी पहिल्या दोन वर्षांतच झाली. ती आजही सुटलेली नाही.

लायन्सचा जन्मही शिकागोतलाच म्हणता येईल. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने हाच प्रश्न त्याच्या व्यापारी मंडळापुढे टाकला. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं. तालुक्याच्या गावी लायन्सचं मोतीबिंदू शिबिर का असतं, याचं मूळ तिथे आहे.

भारतात रोटरी आली ती कलकत्त्यात, १९१९-२० मध्ये. मुंबईत १९२९ मध्ये. लायन्स १९५६ मध्ये मुंबईतून सुरू झालं. आणि १९७२ मध्ये नाना चुडासामा यांनी मुंबईतच ‘जायंट्स’ची स्थापना केली. मरीन ड्राइव्हवरच्या फलकावर राजकारण्यांना चिमटे काढणारे ते हेच चुडासामा.

‘फेलोशिप’ म्हणजे जेवण?

‘फेलोशिप’ म्हटलं की विद्यापीठातल्या मुलामुलींना बार्टी, सारथी, महाज्योती आठवतात आणि रखडलेले हप्ते आठवतात. क्लबातली फेलोशिप वेगळी. तिथे बैठकीच्या निमंत्रणात शेवटची ओळ असते, ‘सभेनंतर फेलोशिप’. अनुभवी सभासदाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. जेवण. काही ठिकाणी जेवणाआधीचंही काही.

मूळ शब्दाचा अर्थ मात्र सोबत, जिव्हाळा, उठबस. रोटरीच्या घोषित उद्दिष्टांमध्ये पहिलाच मुद्दा ओळखीचा आहे. माणसांची ओळख वाढवायची, कारण ओळखीतून सेवेची संधी मिळते. म्हणजे त्यांच्या लेखी जेवण हे कामानंतरचं बक्षीस नाही, कामाची पहिली पायरी आहे. ऐकायला हे जेवणाचं समर्थन वाटेल. कधी कधी ते असतंही.

बैठकीची रीत ठरलेली. अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत होतं. त्या आठवड्यातल्या सभासदांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस जाहीर होतात. सेक्रेटरी सूचना वाचतात, कुठल्या शाळेत तपासणी आहे, रक्तपेढीची गाडी किती वाजता येणार. मग पाहुणा वक्ता. तो कधी कलेक्टर असतो, कधी सर्पमित्र, कधी हृदयरोगतज्ज्ञ, कधी एखादा गिर्यारोहक. आभार. पुन्हा घंटा.

यातल्या बातम्यांचा भाग बाहेरच्यांना सगळ्यात क्षुल्लक वाटतो. पण क्लब टिकवण्यात त्याचा वाटा मोठा होता. प्रत्येक क्लबचं एक बुलेटिन असायचं. चार पानी, आधी सायक्लोस्टाइल, नंतर छापील, पोस्टाने घरी येणारं. त्यात मागच्या वक्त्याच्या भाषणाचा सारांश, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कुणाचं बायपास झालं, पुढची सभा कुठे, आणि मागच्या सभेची हजेरी टक्क्यांत.

हजेरी ही गंभीर बाब होती. लागोपाठ चार सभा बुडवल्या तर सभासदत्व जाऊ शकायचं. त्यावर तोड होती ‘मेक-अप’. आपली सभा चुकली तर जगातल्या कुठल्याही दुसऱ्या क्लबच्या सभेला बसून ती भरून काढायची. म्हणजे सांगलीचा हळद व्यापारी कामासाठी इंदूरला गेला की संध्याकाळी तिथल्या क्लबात जाऊन बसायचा, आणि परतताना खिशात दोन-तीन व्हिजिटिंग कार्डं असायची. मोबाइल नसलेल्या काळात देशभर पसरलेल्या ओळखींचं एवढं मोठं जाळं किती संस्थांकडे होतं?

त्या जाळ्याचा उपयोग काय झाला?

सगळ्यात मोठं उदाहरण पोलिओचं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लहान मुलांना पोलिओचा डोस देण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि १९८५ मध्ये जगभराची मोहीम जाहीर केली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. ‘दो बूंद जिंदगी की’ ऐकत मोठी झालेली पिढी आज हे वाचतेय.

काम मुख्यतः सरकारचं होतं हे आधी नोंदवायला हवं. पैसा बहुतांशी सरकारी, आणि घरोघर पायपीट केली ती आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि आशांनी. पण सरकारला जे चटकन जमत नाही ते क्लबांनी केलं. बूथसाठी कुणाचा तरी ओटा मिळवणं, शीतपेट्या न्यायला गाडी देणं, कर्मचाऱ्यांच्या जेवणाची सोय, सिनेमागृहात फुकट जाहिरात. उत्तर प्रदेशात काही मुस्लिम वस्त्यांमध्ये लसीबद्दल अफवा पसरल्या तेव्हा रोटरीने मौलवींची समिती उभी केली आणि त्यांच्याच तोंडून लोकांना समजावलं. मौलवीसाहेबांना फोन कोण करणार? ज्याची त्यांच्याशी आधीपासून ओळख आहे तोच.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मे. शेवटचा रुग्ण आढळला १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रोटरीने जगभरात या कामासाठी आजवर २ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली आहे.

मंगळवारच्या जेवणावळीतून जमलेल्या ओळखी रविवारी बूथवर कामी आल्या. फेलोशिपची टिंगल करताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग आता अडलंय कुठे?

क्लब हे एकेकाळी चार दुकानं एका छताखाली असल्यासारखं होतं. गावच्या बातम्या, धंद्याच्या ओळखी, समाजकार्यासाठी पैसा आणि सोबत. यातली तीन दुकानं आता वेगळी निघाली आहेत.

बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. बुलेटिन पीडीएफ झालं, आणि पीडीएफ न उघडता खाली अंगठा टाकता येतो. कुणाचं ऑपरेशन झालं तर ग्रुपवर ४० जण ‘गेट वेल सून’ लिहितात. डबा घेऊन हॉस्पिटलात किती जातात, हे ज्याच्या-त्याच्या क्लबाने पाहावं.

धंदा बीएनआयसारख्या संस्थांनी उचलला. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या संस्थेच्या शाखा आता महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांतही आहेत. आठवड्याला सकाळी लवकर बैठक, एका व्यवसायाचा एकच माणूस, आणि कुणी कुणाला किती काम मिळवून दिलं याचा चोख हिशेब. ओळखीचं वाटतंय? १९०५ च्या शिकागोत हेच चाललं होतं. फरक इतकाच की इथे सेवेचा मुखवटा नाही. तरुण उद्योजकाला हा सौदा जास्त सरळ वाटतो, आणि त्यात त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

पैशाचं गणित बदललं ते कंपनी कायदा २०१३ मुळे. ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं २०१४ पासून बंधनकारक झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेला संगणक द्यायला आता पंचवीस डॉक्टर-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढावीच लागते असं नाही. एक कंपनी एका चेकमध्ये ते करते. क्लबही हुशार आहेत, तेच आता सीएसआरचा पैसा मिळवून प्रकल्प राबवतात. शिवाय रोटरीचं स्वतःचं ‘ग्लोबल ग्रँट’ आहे, ज्यात प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो आणि परदेशातला एक क्लब भागीदार असावा लागतो. डायलिसिस मशीन, रक्तपेढीची उपकरणं अशी मोठी कामं त्यातून झाली. पण मोठं काम म्हणजे मोठी कागदपत्रं. सभासद आता रुग्णाऐवजी एक्सेल शीटशी जास्त बोलतो, ही तक्रार त्यामुळे अस्थानी नाही.

उरलं चौथं दुकान, सोबतीचं. त्याची गरज कमी झालेली नाही, जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे उलटंच सांगतात. अमेरिकेत रॉबर्ट पुटनम या अभ्यासकाने २००० साली ‘बोलिंग अलोन’ या पुस्तकात क्लब, संघटना, पालक संघ ओस पडत चालल्याची नोंद केली होती. भारतात चित्र तसंच्या तसं नाही. रोटरीच्या सभासदसंख्येत भारत अमेरिकेनंतर दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि आजवर चार भारतीय रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले आहेत. पण सभासद होणं आणि सभेला येणं या दोन गोष्टी आहेत. नियमांतही ढील आली. २०१६ मध्ये रोटरीने दर आठवड्याच्या सभेची सक्ती काढली, महिन्यातून दोन सभा पुरेशा ठरवल्या आणि हजेरीचे नियम बरेचसे क्लबांवर सोडले.

दार कुणासाठी उघडं?

सोबत चांगली, पण कुणाची सोबत? ‘एका व्यवसायाचा एक’ या जुन्या नियमात रिक्षाचालक, नर्स, गवंडी हेही व्यवसाय बसायला हवे होते. प्रत्यक्षात फोटोत दिसतात डॉक्टर, बिल्डर, वकील, सीए आणि व्यापारी. रोटरी इंटरनॅशनलची माणशी वर्गणीच वर्षाला ८० डॉलरच्या आसपास आहे, त्यावर डिस्ट्रिक्ट आणि क्लबची फी, जेवणाचा खर्च, पदग्रहणाचा खर्च. प्रवेशही प्रामुख्याने सभासदाच्या निमंत्रणावर. ओळखीतून सभासद मिळतात, आणि ओळखी आपल्याच थरातल्या असतात. त्यामुळे गावातल्या पाणीप्रश्नावर चर्चा करणाऱ्या टेबलाभोवती टँकरच्या रांगेत उभं राहणारं कुणीच नसतं, असं घडू शकतं. याबाबतीत आपली गणेश मंडळं आणि कोल्हापूरच्या तालमी जास्त मोकळ्या आहेत. तिथे फी नाही, गल्ली एवढीच अट.

स्त्रियांसाठी तर दार बराच काळ बंदच होतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तीन स्त्रियांना सभासद केलं म्हणून त्या क्लबची मान्यताच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. पहिली महिला जागतिक अध्यक्ष यायला मात्र २०२२ साल उजाडलं, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. लायन्सने १९८७ मध्येच दार उघडलं आणि तिथे आइसलँडच्या गुड्रुन इंगवाडोत्तिर २०१८ मध्ये अध्यक्ष झाल्या.

भारतातल्या रोटरीत सभासदाच्या पत्नीला ‘अ‍ॅन’ आणि मुलांना ‘अ‍ॅनेट’ म्हणायची प्रथा आहे. स्वतः सर्जन असलेली बाई पदग्रहणाच्या पत्रिकेत ‘अ‍ॅन’ म्हणून छापली जाते, तेव्हा नियम बदलून किती वर्षं झाली याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण एका वर्षाच्या खुर्चीची. अध्यक्ष दर जुलैला बदलतो. एकाच माणसाची सत्ता होऊ नये म्हणून ही सोय उत्तम आहे, राजकीय पक्षांनी शिकावी अशी. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला स्वतःचा प्रकल्प हवा असतो, स्वतःच्या नावाची पाटी हवी असते. गेल्या वर्षीच्या अध्यक्षाने शाळेत बसवलेला पाण्याचा फिल्टर बंद पडला तर त्याची दुरुस्ती करून फोटो कुठे मिळतो? म्हणून क्लबचं काम जोखायचं तर जुलैतला सोहळा सोडून द्या आणि तीन वर्षांपूर्वी दिलेली वस्तू आज चालू आहे का, ते जाऊन बघा.

तरुणांसाठी रोटरॅक्ट १९६८ पासून आहे. तिथली ३० वर्षांची कमाल वयोमर्यादा २०२० मध्ये काढली गेली. फी कमी, सभा कॅफेत किंवा ऑनलाइन, कामं किल्ल्यावरच्या स्वच्छतेपासून पूरग्रस्तांच्या किटपर्यंत. कॉलेज संपल्यावर यातले किती जण मूळ क्लबात जातात, हा या संघटनेपुढचा खरा प्रश्न आहे. कारण कॉलेज संपलं की मुलं गावच सोडतात.

आणि गाव सोडल्यावर मागे कोण राहतं? मोठं घर, दोन माणसं, मुलगा बंगळुरूत, मुलगी न्यू जर्सीत. तालुक्याच्या कित्येक क्लबांत आज हीच साठीतली माणसं टेबलाभोवती आहेत. चार सभा बुडवल्या तर नाव कमी, हा जुना नियम तेव्हा जाचक वाटायचा. पण तो पाळायचा तर कुणीतरी दर आठवड्याला रजिस्टर उघडून कोण आलं नाही ते बघायला लागायचं. नियम गेला तरी काही क्लबांनी रजिस्टर ठेवलं आहे. सभा संपली की सेक्रेटरी त्यावरून बोट फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या रकान्यापुढच्या नावाला फोन लावतो.